संकटकाळातला आंतरराष्ट्रीय कायदा: गरीब देशाचं घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

निर्झर

साथ आली, वादळ आलं किंवा परकीय चलनाची गंगाजळी आटली, की जागतिक एकजुटीची भाषणं सुरू होतात. या धाग्यात भाषणांच्या पलीकडचं, कलमांचं आणि कामकाजाचं बोलूया.

माझं मत आधीच मांडतो. संकटात गरीब देशावर जी बंधनं असतात त्यांना मुदत असते, रक्कम असते आणि ती मोडली तर दावा लावायला न्यायालय असतं. श्रीमंत देशांवरच्या बंधनांत यातलं बहुधा काहीच नसतं. एकाच कागदातलं उदाहरण घ्या. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम, २००५. कलम ६ प्रमाणे गंभीर घटनेचं मूल्यमापन झालं की २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवावं लागतं. कलम ४४ प्रमाणे देशांनी एकमेकांना तांत्रिक आणि आर्थिक मदत करायची, पण ती 'शक्य असेल तितकी'. किती, कधी, कोणी, आणि नाही केली तर पुढे काय, यावर एक ओळ नाही.

आता प्रश्न. एक छोटा देश धरा. औषधाचा कारखाना नाही, डॉलरमधलं कर्ज आहे आणि साथ दाराशी आली आहे. त्याच्या आरोग्य, अर्थ आणि विधी खात्यांनी कायद्याची कोणती दारं ठोठवायची? प्रत्येक दारामागे काय अडतं? माहितगारांनी कृपया पायऱ्या, मुदती आणि आकड्यांसकट लिहावं.

तळटीप

औषधाच्या दारापासून सुरुवात करतो.

ट्रिप्स, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेवरचा करार. त्याच्या कलम ३१ खाली कोणताही देश पेटंटधारकाच्या संमतीशिवाय पेटंट असलेलं औषध बनवण्याचा 'सक्तीचा परवाना' देऊ शकतो. एरवी आधी पेटंटधारकाशी वाजवी अटींवर बोलणी करावी लागतात, मात्र राष्ट्रीय आणीबाणीत ही अट गळून पडते. मोबदला द्यावाच लागतो. इथवर ठीक. घोडं अडतं ३१(फ) पाशी. परवान्याखालचं उत्पादन 'मुख्यतः देशांतर्गत बाजारासाठी' हवं. म्हणजे ज्याच्याकडे कारखाना आहे त्याला औषध मुख्यतः बाहेर पाठवण्यासाठी बनवता येत नाही, आणि ज्याला औषध हवंय त्याच्याकडे कारखाना नाही.

व्यापार संघटनेच्या नोव्हेंबर २००१ च्या दोहा जाहीरनाम्याने ही अडचण मान्य केली. ३० ऑगस्ट २००३ ला तात्पुरती सूट मिळाली आणि तीच पुढे कलम ३१ बिस म्हणून २३ जानेवारी २०१७ पासून करारात आली. पायऱ्या अशा आहेत:

आयात करणारा देश ट्रिप्स परिषदेला औषधाचं नाव आणि अपेक्षित प्रमाण कळवतो. आपल्याकडे उत्पादनक्षमता नाही हेही सांगतो (अल्पविकसित देशांना हे सिद्ध करावं लागत नाही). औषधावर त्याच्या देशात पेटंट असेल तर आपण सक्तीचा परवाना दिला आहे किंवा देणार आहोत, असं नमूद करतो. मग निर्यात करणारा देश आपल्या कारखान्याला तेवढ्याच प्रमाणाचा परवाना देतो. सगळा माल त्याच देशाला जायला हवा. गोळीचा रंग, आकार किंवा वेष्टन वेगळं ठेवायचं, माल निघण्याआधी प्रमाण आणि ओळखखुणा संकेतस्थळावर टाकायच्या. मोबदला निर्यातदार देशात भरायचा. आयातदार देशाला तो पुन्हा द्यावा लागत नाही.

या वाटेने औषध प्रत्यक्ष पोचलं ते रवांडात. रवांडाने जुलै २००७ मध्ये कळवलं, २,६०,००० पॅक, एचआयव्हीवरचं तीन औषधांचं एकत्रित मिश्रण. कॅनडातल्या अपोटेक्सने ते बनवलं. पहिली खेप पोचली सप्टेंबर २००८ मध्ये, दुसरी २००९ मध्ये. कॅनडाचा कायदा २००४ चा आहे आणि तिथल्या आरोग्य खात्याने औषधाला २००६ मध्येच मान्यता दिली होती, यावरून वेळेचा अंदाज घ्या.

कुतूहल

वाचनखूण साठवली. पण रवांडाच्या प्रकरणात एवढा वेळ नेमका कशात गेला? आणि पहिल्या अनुभवानंतर वाट रुळायला हवी होती ना?

तळटीप

वेळ तीन ठिकाणी गेला. कॅनडाच्या कायद्यात औषध आधी एका अनुसूचीत असावं लागतं, नसेल तर ते घालून घेण्यातच महिने जातात. मग कारखान्याने पेटंटधारकांकडे ऐच्छिक परवाना मागायचा आणि ३० दिवस थांबायचं. इथे तीन घटक, म्हणजे पेटंटधारकही एकाहून जास्त. बोलणी फिसकटली तरच सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज. त्यात रवांडाने रीतसर निविदा काढलेली, म्हणजे एवढं करूनही कंपनीला आधी निविदा जिंकायची होती. परवान्याची मुदत दोन वर्षं.

वाट रुळली नाही, कारण परवाना एक देश, एक औषध आणि ठरलेल्या प्रमाणाला बांधलेला असतो. दुसऱ्या देशाला तेच औषध हवं असेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कारखान्याला खर्च भरून निघेल एवढी मोठी खेप मिळत नाही. स्वस्त औषध स्वस्त होतं ते मोठ्या प्रमाणामुळे, आणि या रचनेत नेमकं तेच बसत नाही.

उंबरठा

तळटीप यांच्याशी अंशतः सहमत. रासायनिक गोळ्यांच्या बाबतीत पेटंट हाच मुख्य अडसर असू शकतो. लशीच्या बाबतीत मला ते पटत नाही. फायझरच्या करोना लशीला २८० घटक लागतात आणि ते १९ देशांतल्या ८६ पुरवठादारांकडून येतात, असं कंपनीनेच सांगितलं होतं. पेटंट उद्या रद्द झालं तरी मेदाचे सूक्ष्म कण एकसारखे कसे बनवायचे, कोणत्या तापमानाला गाळायचे, खेप नापास का होते, हे पेटंटच्या कागदात नसतं. ते कारखान्यातल्या माणसांना माहीत असतं. २ ऑक्टोबर २०२० ला भारत आणि दक्षिण आफ्रिकेने मागितलेली सूट पूर्ण मिळाली असती, तरी २०२१ मध्ये अशी एमआरएनए लस (जनुकीय संदेश वापरणारी) नव्या ठिकाणी तयार झाली असती असं मला वाटत नाही.

तळटीप

उंबरठा, तांत्रिक बाजू मान्य. पण त्या प्रस्तावात फक्त पेटंटच होतं असं नाही. अप्रकट माहिती, औद्योगिक आरेखन आणि कॉपीराइटही होते, आणि लशींबरोबर चाचण्या, औषधं, श्वसनयंत्रंही होती. या बाकीच्या वस्तू बनवायला कित्येक देश तयार होते.

शिवाय प्रत्येक लस एमआरएनए नव्हती. बोलिव्हियाने मे २०२१ मध्ये ट्रिप्स परिषदेला कळवलं की जॉन्सन अँड जॉन्सनच्या लशीचे दीड कोटी डोस हवेत. कॅनडातली बायोलाइज ही कंपनी बनवायला तयार होती, दोघांत करारही झाला. मात्र लस कॅनडाच्या त्या अनुसूचीत घातलीच गेली नाही. मग परवान्याचा अर्ज करायचा तरी कसा? कंपनीला जमलं असतं की नाही यावर वाद होऊ शकतो. तो वाद कारखान्यात सुटायला हवा होता. तो अनुसूचीच्या दारातच संपला.

आणि माहितीचं म्हणाल तर ट्रिप्सचं कलम ३९.३ औषध नियामकाकडे दिलेल्या चाचण्यांच्या माहितीला संरक्षण देतं, पण 'जनतेच्या रक्षणासाठी आवश्यक' असेल तिथे अपवादही ठेवतं. किती देशांच्या औषध कायद्यात तो अपवाद उतरवला आहे? अनेक ठिकाणी नाही. पेटंटचा परवाना मिळतो आणि नियामक म्हणतो, मूळ कंपनीची माहिती वापरता येणार नाही, तुमच्या स्वतःच्या चाचण्या आणा.

देवचाफा

शेवटी त्या प्रस्तावावर जून २०२२ मध्ये जीनिव्हात व्यापार संघटनेत जो निर्णय झाला तो लशींपुरता, पाच वर्षांसाठी, विकसनशील देशांना. त्यात ३१(फ) ची अट सैल केली हे चांगलं. चाचण्या आणि औषधांचं सहा महिन्यांत ठरवू म्हणाले होते, ते ठरलं नाही. तोवर लशींचा तुटवडाही ओसरला होता. साथीचं वेळापत्रक आणि वाटाघाटींचं वेळापत्रक वेगवेगळं असतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

साखळदंड

पेटंटवर फार वेळ चाललाय. २०२०-२१ मध्ये माल अडला तो निर्यातबंदीने, आणि ती कायदेशीर होती.

गॅट, म्हणजे मालाच्या व्यापारावरच्या जागतिक कराराचं कलम ११ निर्यातीवर प्रमाणाची बंधनं घालायला मनाई करतं. पण त्याच कलमात अन्न किंवा इतर अत्यावश्यक वस्तूंची 'गंभीर टंचाई' टाळण्यासाठी तात्पुरत्या बंदीला मुभा आहे. टंचाई कोणी ठरवायची? ज्याने बंदी घातली त्यानेच. दुसऱ्याने तंटा नेला तर निकाल यायला वर्षं लागतात आणि भरपाई मागच्या काळासाठी मिळत नाही. एप्रिल २०२० पर्यंत ८० देश आणि सीमाशुल्क प्रदेशांनी मुखपट्ट्या, हातमोजे, औषधं अशा वस्तूंवर निर्बंध घातले होते, ही जागतिक व्यापार संघटनेचीच मोजणी. मार्च २०२१ मध्ये इटलीने ऑस्ट्रेलियाला निघालेले लशीचे अडीच लाख डोस थांबवले. त्याच महिन्याच्या अखेरीस भारताची निर्यात थांबली आणि कोव्हॅक्सला, म्हणजे गरीब देशांनाही लस मिळावी म्हणून उभारलेल्या जागतिक योजनेला, भारतातून पुरवठा पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर उजाडला. कोव्हॅक्सचं २०२१ चं उद्दिष्ट २०० कोटी डोसचं होतं. शंभर कोटीवा डोस पोचला जानेवारी २०२२ मध्ये.

इथे श्रीमंत विरुद्ध गरीब अशी सरळ रेघ ओढता येत नाही. ज्याच्या हद्दीत कारखाना त्याचा शब्द अखेरचा. एकाच देशातल्या पुरवठादारावर भिस्त ठेवणं ही कोव्हॅक्सच्या रचनेतली चूक होती आणि कोणत्याही कलमाने ती झाकली नसती.

उंबरठा

साखळदंड, एकदम सहमत. त्यात करारांच्या रांगेचीही भर घाला. श्रीमंत देशांनी लस तयार होण्याआधीच पैसे भरून डोस राखून ठेवले होते. खासगी करारातला आधीचा क्रमांक आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने पूर्ण वैध. किमतीही गुप्त. दक्षिण आफ्रिकेला अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या डोसला सव्वापाच डॉलर पडले, युरोपीय संघाला त्याच्या निम्म्याहून कमी.

बोरूबहाद्दर

३१ बिस ची प्रक्रिया दोनदा वाचली. या धाग्यालाच आता एक ट्रिप्स परिषद भरवायला हरकत नाही, निदान चहा वेळेवर मिळेल :)

एक शंका. मूळ लेखात २४ तासांचा उल्लेख आहे. वेळेत कळवणाऱ्या देशाला कायदा काही संरक्षण देतो का?

देवचाफा

देतो, पण दात नसलेलं. आरोग्य नियमांच्या कलम ४३ प्रमाणे एखाद्या देशाने संघटनेच्या शिफारशीपलीकडचे निर्बंध लावले, म्हणजे प्रवेश नाकारला किंवा प्रवासी आणि माल २४ तासांहून अधिक अडवला, तर ४८ तासांत त्याने जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं आणि शास्त्रीय कारण द्यायचं. कमी त्रासाचा पर्याय उपलब्ध असेल तर तोच वापरायचा.

नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉनची माहिती २५ तारखेला जगासमोर ठेवली. दुसऱ्याच दिवसापासून तिथल्या विमानांवर बंद्या सुरू झाल्या, काही तर अशा शेजारी देशांवरही जिथे तो प्रकार तेव्हा सापडलेलाही नव्हता. पर्यटन बुडालंच, प्रयोगशाळांना लागणारी रसायनंही विमानं नसल्याने अडकली. कलम ५६ खाली तंटा नेता येतो: आधी बोलणी, मग महासंचालक, मग लवाद. लवाद मात्र दोघांनी मानला तरच. म्हणजे ज्याने बंदी घातली त्याच्या संमतीने त्याच्यावर खटला.

याचा पुढच्या साथीवर काय परिणाम होतो ते उघड आहे. प्रामाणिकपणे कळवण्याची किंमत मोजावी लागते हे सगळ्या आरोग्य खात्यांनी पाहिलं. माझ्या मते ही या व्यवस्थेतली सगळ्यात घातक उणीव आहे, पेटंटपेक्षाही.

रोखठोक

निर्झर यांच्या मूळ प्रश्नात डॉलरमधलं कर्जही होतं, ते मागेच पडलं. औषध मिळालं तरी पैसे कुठून आणणार?

कर्ज बुडालेल्या देशासाठी दिवाळखोरीचा आंतरराष्ट्रीय कायदाच नाही. कंपनी बुडाली तर न्यायालय सगळ्या धनकोंना एका टेबलावर बसवतं आणि वसुली थांबवतं. देशाच्या बाबतीत हे काम तीन वेगळ्या खोल्यांत चालतं: सरकारी धनको, रोखेधारक आणि नाणेनिधी. नोव्हेंबर २०२० मध्ये जी-२० ने 'सामायिक चौकट' आणली. क्रम असा: देश अर्ज करतो, नाणेनिधी कर्ज किती पेलवेल याचं विश्लेषण करतो, सरकारी धनकोंची समिती बसते, ती आश्वासन देते, मग नाणेनिधीचा कार्यक्रम मंजूर होतो, मग सामंजस्य करार, मग प्रत्येक देशाशी वेगळा करार, आणि खासगी धनकोंकडून तेवढीच सवलत मिळवण्याची जबाबदारी कर्जदाराची.

झांबियाचं वेळापत्रक पाहा. नोव्हेंबर २०२० मध्ये व्याजाचा ४.२५ कोटी डॉलरचा हप्ता चुकला. अर्ज २०२१ च्या सुरुवातीला. नाणेनिधीची मंजुरी ऑगस्ट २०२२. सरकारी धनकोंशी ६.३ अब्ज डॉलरवर समझोता जून २०२३. रोखेधारकांशी ठरलेला सौदा सरकारी धनकोंनी नोव्हेंबर २०२३ मध्ये फेटाळला, कारण त्यांच्या हिशेबाने रोखेधारक कमी सोडत होते. अखेर रोख्यांची अदलाबदल झाली जून २०२४ मध्ये. साडेतीन वर्षं. एवढ्या काळात शाळा आणि दवाखान्यांची तरतूद कशी होणार?

कोणी २०२१ च्या विशेष आहरण अधिकारांची (नाणेनिधी सदस्य देशांना देतो तो राखीव चलनसाठा) आठवण देईल म्हणून आधीच सांगतो. ६५० अब्ज डॉलरचं वाटप झालं, पण ते नाणेनिधीतल्या कोट्याप्रमाणे. अल्प उत्पन्न देशांच्या वाट्याला त्यातले सुमारे २१ अब्ज आले.

साखळदंड

रोखठोक, एका बाबतीत थांबवतो. 'वसुली थांबवा' म्हणणं सोपं आहे, पण पुढच्या वर्षी त्याच देशाला पुन्हा बाजारात जायचं असतं. धनकोंना वाटलं की कायदा कधीही कर्ज गोठवेल, तर व्याज आधीच चढं लागेल. म्हणून सवलत नंतर मागण्यापेक्षा करारातच लिहून घेतलेली बरी.

ग्रेनाडाने मागच्या पुनर्रचनेच्या वेळी रोख्यांतच चक्रीवादळाचं कलम घालून घेतलं होतं. ठरलेल्या निकषाइतकं नुकसान झालं की हप्ते आपोआप पुढे. बेरिल वादळ जुलै २०२४ मध्ये आलं आणि ते कलम लागू झालं. कोणाचं मन वळवावं लागलं नाही, समिती बसली नाही. बार्बाडोसच्या रोख्यांतही नैसर्गिक आपत्तीचं कलम आहे. साथीसाठी असंच कलम लिहिता येईल, फक्त निकष मोजता येणारा हवा. 'आरोग्यसंकट' एवढंच लिहिलं तर न्यूयॉर्कच्या न्यायालयात त्यावरच दोन वर्षं जातील.

रोखठोक

नव्या कर्जासाठी मान्य. जुन्याचं काय? परदेशी रोखे बहुतेक न्यूयॉर्कच्या किंवा इंग्लंडच्या कायद्याखाली असतात. २०१४ नंतरच्या नमुना कलमांप्रमाणे सगळ्या मालिका (वेगवेगळ्या वेळी काढलेले रोखे) मिळून ७५ टक्के रोखेधारक तयार झाले की बाकीच्यांना मान्य करावं लागतं. जुन्या रोख्यांत मतदान मालिकेनुसार होतं, त्यामुळे एकाच मालिकेत २५ टक्क्यांहून थोडे अधिक रोखे विकत घेतले की एखादा निधी त्या मालिकेची पुनर्रचना अडवू शकतो. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने अर्जेंटिनाला अशाच अडून बसलेल्यांना पैसे दिल्याशिवाय इतरांचे हप्ते देऊ दिले नाहीत, आणि २०१४ मध्ये पैसे असूनही अर्जेंटिनाचे हप्ते थकले. त्याआधी २०१२ मध्ये याच कर्जापायी घानाच्या तेमा बंदरात अर्जेंटिनाच्या नौदलाचं जहाज अडवून ठेवलं होतं. सागरी कायद्याच्या न्यायाधिकरणाने डिसेंबरमध्ये ते सोडवलं.

झांबियाचंच एक जुनं कर्ज डोनेगल नावाच्या निधीने सुमारे ३३ लाख डॉलरला घेतलं आणि इंग्लंडच्या न्यायालयात साडेपाच कोटींचा दावा लावला. २००७ मध्ये दीड कोटीहून अधिक मिळाले. त्यानंतर ब्रिटनने २०१० मध्ये कायदा करून ठरावीक गरीब देशांच्या जुन्या कर्जाची वसुली सवलतीच्या रकमेइतकी मर्यादित केली. एका संसदेने एक छोटा कायदा केला आणि या प्रकारच्या कर्जावरचे दावे तिथे थांबले.

आणि व्याज चढेल म्हणणाऱ्यांसाठी इराक. २२ मे २००३ च्या सुरक्षा परिषदेच्या ठराव १४८३ ने इराकच्या तेलाच्या उत्पन्नावर जप्ती आणायला मनाई केली. पुढच्या वर्षी पॅरिस क्लबने, म्हणजे धनको सरकारांच्या गटाने, आपल्याकडचं त्याचं ८० टक्के कर्ज माफ केलं. म्हणजे वसुली थांबवण्याचं साधन कायद्यात आहे. महासत्तांना हवं होतं तेव्हा ते वापरलं. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०१५ मध्ये कर्ज पुनर्रचनेची तत्त्वं १३६ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केली. ती बंधनकारक नाहीत, आणि विरोध करणाऱ्यांत अमेरिका आणि ब्रिटन होते, ज्यांच्या न्यायालयांत हे खटले चालतात.

निशिगंधा

अवांतर वाटेल, पण गुंतवणूक लवाद विसरू नका. आणीबाणीत सरकारने विजेचे, पाण्याचे, गॅसचे दर गोठवले तर परदेशी गुंतवणूकदार थेट सरकारवर दावा लावू शकतो. अर्जेंटिनाच्या २००१-०२ च्या संकटातली दोन प्रकरणं शेजारी ठेवून वाचावीत: सीएमएस आणि एलजी अँड ई या अमेरिकी कंपन्यांचे दावे. संकट तेच, अमेरिकेशी झालेला करार तोच, बचाव तोच, 'अपरिहार्यता'. सीएमएसच्या लवादाने २००५ मध्ये तो नाकारून १३.३ कोटी डॉलर द्यायला लावले. एलजी अँड ईच्या लवादाने २००६ मध्ये डिसेंबर २००१ ते एप्रिल २००३ एवढ्या काळापुरता तो मान्य केला.

बचाव अवघड का? देशांच्या जबाबदारीविषयीच्या, संयुक्त राष्ट्रांच्या विधी आयोगाने केलेल्या मसुद्यातलं कलम २५ म्हणतं, की उचललेलं पाऊल हा एकमेव उपाय हवा आणि संकटाला त्या देशाने स्वतः हातभार लावलेला नसावा. आर्थिक संकटात एकमेव उपाय कधीच नसतो, कोणीतरी अर्थतज्ज्ञ दुसरा सुचवतोच. म्हणून गुंतवणूक करारातच आरोग्य आणि आणीबाणीचा स्पष्ट अपवाद लागतो. तो नसेल तर दर गोठवण्याआधी विधी खात्याने तारीखवार कारणं, पर्याय का नाकारले, मुदत किती, हे सगळं लिहून ठेवावं. लवादापुढे हीच कागदपत्रं कामाला येतात.

धुरंधर_नाही

सगळं वाचून मला तरी हेच दिसतं की कायदा म्हणजे बळाचाच दुसरा चेहरा. मग त्यावर शक्ती घालवायची कशाला?

देवचाफा

कारण त्याच कागदांवर गरीब देशांनी जिंकूनही दाखवलं आहे. ३९ औषध कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या औषध कायद्याविरुद्ध १९९८ मध्ये खटला भरला आणि एप्रिल २००१ मध्ये मागे घेतला. रुग्णसंघटना न्यायालयात पोचल्या होत्या आणि जगभर संताप होता. दोहा जाहीरनामा त्याच वर्षीचा, हा योगायोग नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इंडोनेशियाने २००७ च्या सुमारास बर्ड फ्लूचे नमुने देणं थांबवलं. म्हणणं साधं होतं: नमुने आम्ही द्यायचे आणि त्यावरून केलेली लस आम्हालाच परवडायची नाही. त्यातून मे २०११ मध्ये साथीच्या इन्फ्लुएन्झाची चौकट आली. नमुना हवा तर कंपनी जागतिक आरोग्य संघटनेशी करार करते आणि उत्पादनाचा काही भाग दान किंवा परवडणाऱ्या दराने राखून ठेवण्यासारख्या अटी मान्य करते. करार असल्यामुळे तो अंमलात आणता येतो. अडचण एवढीच की तो इन्फ्लुएन्झापुरता आहे, करोनाला लागू नव्हता.

तळटीप

याचीच पुढची पायरी म्हणजे २० मे २०२५ ला मंजूर झालेला महासाथ करार. कलम १२: जंतूचा नमुना किंवा त्याची जनुकीय माहिती घेणाऱ्या, सहभागी उत्पादकांनी महासाथीत उत्पादनाच्या २० टक्के वाटा जागतिक आरोग्य संघटनेला मिळेल असं लक्ष्य. उत्पादनाच्या निदान १० टक्के दान, उरलेला वाटा परवडणाऱ्या दराने. तपशील परिशिष्टात. ते मंजूर झाल्याशिवाय करार स्वाक्षरीसाठी खुला होत नाही, आणि लागू व्हायला ६० देशांची मान्यता लागते.

परिशिष्टात नजर ठेवायची जागा एकच. जनुकीय अनुक्रम खुल्या संकेतस्थळावरून कोणी नाव न नोंदवता उतरवू शकत असेल, तर त्याला करारात बांधणार कसं? नमुना कुपीत जातो, त्याचा माग काढता येतो. अनुक्रम ही नुसती अक्षरं. नोंदणी सक्तीची झाली नाही तर २० टक्के कागदावरच राहतील. संशोधक म्हणतात सक्तीने काम मंदावेल. हा आक्षेप खरा आहे, त्यामुळे नोंदणी काही मिनिटांत होईल इतकी सोपी ठेवणं हा माझ्या मते मार्ग.

निर्झर

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा खूप जास्त मिळालं. साखळदंड यांच्या मुद्द्यानंतर माझं मत थोडं बदलून लिहितो: मुदत आणि रक्कम नसलेलं कलम संकटात श्रीमंतांच्या बाजूने झुकतं, आणि ज्याच्या हातात कारखाना तो तेवढ्यापुरता श्रीमंत.

पण मूळ प्रश्न उरतोच. साथ दाराशी आलेल्या त्या छोट्या देशाने सोमवारी सकाळी काय करायचं?

निशिगंधा

विधी खात्यापासून सुरू करा. आणीबाणी जाहीर करताना आदेशात ट्रिप्सच्या कलम ३१ चा थेट उल्लेख करा, म्हणजे पेटंटधारकाशी बोलणी करण्याची पायरी गळते. अल्पविकसित देश असाल तर त्याहून सोपं: औषधांवरची पेटंटं १ जानेवारी २०३३ पर्यंत लागू करण्याचं बंधनच नाही. पण तुमच्या स्वतःच्या कायद्यात ती लागू असतील तर सवलत आपोआप मिळत नाही, अंमलबजावणी स्थगित केल्याचा आदेश काढावा लागतो. अनेक देश इथेच चुकतात.

रोखठोक

अर्थ खात्याने हप्ता चुकण्याआधी सगळ्या रोख्यांची यादी करावी: कोणता कायदा, मतदानाचं कलम कोणतं, सवलतीचे दिवस किती, एक हप्ता चुकला तर बाकीची कर्जं आपोआप थकीत ठरतात का. नाणेनिधीकडे तातडीच्या अर्थसाहाय्याची विनंती त्याच आठवड्यात. पुनर्रचना करायचीच असेल तर उशीर करू नका, उरलेली गंगाजळी रोखेधारकांना देऊन मग अर्ज करणं ही सगळ्यात महागडी चूक.

उंबरठा

खरेदी एकट्याने करू नका. आफ्रिकी संघाने २०२१ मध्ये एकत्रितपणे २२ कोटी डोसचा करार केला, अमेरिका खंडातल्या देशांचा एकत्रित लसखरेदीचा फिरता निधी तर १९७७ पासून आहे. करारावर सही करताना दोन ओळी तपासा: पुरवठ्याची तारीख बंधनकारक आहे की 'प्रयत्न करू' एवढंच, आणि निर्यातबंदी आली तर भरलेले पैसे परत मिळतात का.

कुतूहल

तळटीप, ३१ बिस ची ती सूचना एकेका देशाने वेगवेगळी द्यायची, मग खेप छोटीच राहणार ना? आणि ती मंजूर व्हायला किती दिवस लागतात?

तळटीप

खेप मोठी करायची सोय त्याच कलमात आहे. प्रादेशिक व्यापार गटातले निदान निम्मे सदस्य अल्पविकसित असतील, तर एका सदस्याने परवान्याखाली आणलेला किंवा बनवलेला माल, तीच आरोग्यसमस्या असलेल्या गटातल्या इतर विकसनशील देशांनाही पाठवता येतो. तिथे ३१(फ) आडवं येत नाही. मात्र त्या देशांत औषधावर पेटंट असेल तर ते आपोआप संपत नाही, ती बाजू प्रत्येकाने आपापल्या कायद्याने सोडवायची.

आणि मंजुरी लागतच नाही. सूचना द्यायची असते, परवानगी मागायची नसते. करारातल्या तळटीपेतच लिहिलंय की ही व्यवस्था वापरण्यासाठी व्यापार संघटनेच्या कोणत्याही समितीने सूचनेला मान्यता देण्याची गरज नाही. औषधाचं नाव, प्रमाण, क्षमता नसल्याचं निवेदन आणि पेटंटची स्थिती, एवढं एका पानात मावतं. पान आज तयार करून ठेवता येईल, फक्त प्रमाणाची जागा रिकामी सोडायची.